विद्यापीठातील व्यसने, बेशिस्त आणि नियमांचे अर्थशास्त्र : बनारस हिंदू विद्यापीठाच्या निमित्ताने

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

वाराणसीतील लंका या बाजारपेठेच्या चौकात उभे राहिले की समोर बनारस हिंदू विद्यापीठाचे सिंहद्वार दिसते. या द्वाराच्या आत आणि बाहेर दोन वेगळ्या अधिकारक्षेत्रांची हद्द आहे. हे विद्यापीठ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, ६३ व्या नोंदीत, नावानिशी नमूद आहे आणि राष्ट्रपती हे त्याचे 'अभ्यागत' म्हणजेच व्हिजिटर आहेत. द्वाराबाहेरील दारूचे दुकान मात्र राज्यसूचीच्या ८ व्या व ५१ व्या नोंदींखाली येते. मादक पेयांचे नियमन आणि त्यांवरील उत्पादन शुल्क हे दोन्ही विषय राज्यांकडे आहेत. आतील शिस्तीची जबाबदारी केंद्रीय कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेवर आहे, तर बाहेरील विक्रीचा महसूल राज्याच्या तिजोरीत जमा होतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात या नोंदी पाठ केल्या जातात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ काय होतो, हे या चौकात रात्री दहाच्या सुमारास कळते.

विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांत शिस्तीच्या प्रकरणी एक ठरावीक वाक्य आढळते. परिसरात वा वसतिगृहात मद्य अथवा अंमली पदार्थ बाळगणे किंवा सेवन करणे, तसेच गैरवर्तन वा गोंधळ करणे हा गंभीर अपराध मानला जाईल आणि संबंधित विद्यार्थ्यास निलंबित केले जाईल वा काढून टाकले जाईल, असा त्याचा आशय असतो. वाक्य कठोर आहे आणि वाचणाऱ्या पालकास दिलासाही देते. परंतु हा नियम कोणत्या वर्तनावर, कोणत्या खर्चाने आणि कितपत परिणाम करतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्याच प्रश्नापुरते मर्यादित आहे.

एक नशा, तीन कायदे

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. नशेचे सर्व पदार्थ कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसत नाहीत आणि वाराणसीत हे विशेषत्वाने जाणवते. १९८५ च्या अंमली पदार्थ व मनोप्रभावी द्रव्ये अधिनियमात गांज्याची व्याख्या कॅनॅबिसच्या झाडाचे फुलोरे वा फळधारी शेंडे अशी केली आहे. शेंड्यांची साथ नसलेली पाने व बिया तीतून वगळल्या आहेत. परिणामी पानांपासून होणारी भांग या व्याख्येबाहेर राहते आणि उत्तर प्रदेशात ती परवानाधारक दुकानांतून उघडपणे विकली जाते. त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडल्यास मात्र गुन्हा होतो. मद्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे : उत्तर प्रदेशात ते कायदेशीर असले तरी वयाची २१ वर्षे पूर्ण होणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी ही मर्यादा २५ वर्षांची आहे. मतदानाचा अधिकार ६१ व्या घटनादुरुस्तीनंतर १८ व्या वर्षी मिळतो. म्हणजे पदवीचा विद्यार्थी लोकसभा निवडू शकतो, पण बिअरची बाटली विकत घेऊ शकत नाही.

भांग आणि गांजा यांतील हा भेद नवा नाही. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने या पदार्थांची देशभर चौकशी केली होती आणि सरसकट बंदीच्या मार्गास अनुकूलता दर्शविली नव्हती. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणातही हा भेद दिसतो. १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के लोक कॅनॅबिसचे सेवन करतात, असे त्यात आढळले. त्यांत भांग घेणारे सुमारे २ टक्के, तर गांजा वा चरस घेणारे सुमारे १.२ टक्के आहेत. परंतु व्यसनाधीनतेचे प्रमाण दुसऱ्या गटात अधिक आहे. मद्यसेवन करणारे १४.६ टक्के आहेत. आकड्यांचा क्रम पाहिला तर वसतिगृहाची मुख्य समस्या दारू हीच ठरते. वृत्तपत्रांतील मथळे मात्र अंमली पदार्थांना मिळतात.

आता असा विद्यार्थी कल्पावा, जो दशाश्वमेधाकडील परवानाधारक दुकानात भांग घेऊन सिंहद्वारातून परत येत आहे. त्याने कोणताही फौजदारी कायदा मोडलेला नाही. द्वारावरील सुरक्षारक्षकाने काय करावे? वर उल्लेखिलेले ठरावीक वाक्य त्याला उत्तर देत नाही, कारण ते पदार्थाकडे पाहते. तो विद्यार्थी शांतपणे खोलीत जाऊन झोपणार आहे की शेजाऱ्याच्या दारावर लाथा मारणार आहे, हा शिस्तीच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भेद त्या वाक्यात नाहीच.

बेशिस्तीच्या चौकशीचा इतिहास

बनारस हिंदू विद्यापीठाचा कायदा १९१५ चा. कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते बसविली गेली. पंडित मदनमोहन मालवीय यांची कल्पना निवासी विद्यापीठाची होती. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच परिसरात राहतील, आणि नियमांइतकाच सहवासही शिस्त लावील, अशी त्यामागील अपेक्षा होती. निवासी विद्यापीठाचा लाभ मोठा असतो आणि जोखीमही मोठी असते, कारण सुसंगत आणि कुसंगत दोन्ही चोवीस तास घडतात.

स्वातंत्र्यानंतर या परिसरातील अशांततेची दोन मोठ्या समित्यांनी चौकशी केली. पहिली डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांची, १९५७-५८ ची. दुसरी १९६९ ची, सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांची. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते; म्हणजे विद्यार्थ्यांचे आंदोलन त्यांना न्यायासनावरून आणि कुलगुरूच्या खुर्चीतून, असे दोन्हीकडून ठाऊक होते. १९५८ आणि १९६९ या दोन्ही वेळी चौकशीपाठोपाठ संसदेने विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती केली. बेशिस्तीचा प्रश्न आला की प्रशासनाची रचना बदलावयाची, हा त्या काळचा कल होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. ज्या संस्थेत अध्यापकांचे गट एकमेकांविरुद्ध उभे असतात, तेथे विद्यार्थ्यांना दिलेली शिक्षा कोणत्या तरी गटाची शिक्षा समजली जाते. तथापि या मार्गाने वसतिगृहातील रोजच्या जीवनाचा प्रश्न सुटत नाही.

सप्टेंबर २०१७ मधील घटनांनी ते दाखवून दिले. २१ सप्टेंबरच्या सायंकाळी परिसरात एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली. तक्रारीची योग्य दखल घेतली गेली नाही, या भावनेने विद्यार्थिनी सिंहद्वारी धरण्यास बसल्या आणि २३ सप्टेंबरच्या रात्री लाठीमार झाला. रस्त्यांवर दिवे आणि परिसराची सुरक्षितता, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. मुख्य प्रॉक्टरांनी राजीनामा दिला आणि त्या पदावर प्रथमच एका महिलेची नियुक्ती झाली. सज्ञान विद्यार्थिनींच्या पेहरावावर, आहारावर किंवा मद्यपानावर विद्यापीठाने निर्बंध का घालावेत, असा प्रश्न त्यांनी जाहीरपणे केल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. त्यावर बरीच टीका झाली. २१ वर्षांच्या कायदेशीर मर्यादेमुळे पदवीच्या बहुतेक विद्यार्थिनींपुरता त्यातील मद्याचा भाग गैरलागूच होता. पण त्या प्रश्नाचा रोख वेगळ्या गोष्टीकडे होता आणि तो रास्त होता. छेड काढणारा मोकळा आणि जिची छेड काढली जाते तिला सातच्या आत वसतिगृहात, ही व्यवस्था म्हणजे प्रदूषण करणाऱ्या कारखान्याऐवजी नदीकाठच्या गावावर कर बसविण्यासारखी आहे.

दुसऱ्याच्या माथी पडणारा खर्च

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. एखाद्या कृतीचा खर्च तिच्या कर्त्याऐवजी त्रयस्थाला सोसावा लागतो, तेव्हा ती कृती समाजाला परवडेल त्याहून अधिक प्रमाणात होते, हे ए. सी. पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडले. वसतिगृहात हा त्रयस्थ म्हणजे खोलीतील सोबती, खालच्या वर्गातील नवागत, रात्री ग्रंथालयातून परतणारी विद्यार्थिनी आणि ओकारी पुसणारा सफाई कर्मचारी. शेवटच्याची आठवण कोणत्याही नियमावलीत नसते.

हा खर्च मोजता येतो काय? मायकेल क्रेमर व डॅन लेव्ही यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयुक्त आहे. अमेरिकेतील एका मोठ्या सरकारी विद्यापीठात वसतिगृहाच्या खोल्या चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने दिल्या जात होत्या. त्यामुळे कोणास कसा सोबती मिळाला हे योगायोगाने ठरत होते आणि कार्यकारणभाव शोधणे शक्य झाले. प्रवेशापूर्वीच्या वर्षात मद्य घेणारा सोबती ज्या विद्यार्थ्यांच्या वाट्यास आला, त्यांचे सरासरी गुणांकन चार गुणांच्या मापावर सुमारे पाव गुणाने घसरले. जे स्वतः आधीपासून वारंवार मद्य घेत होते, त्यांची घसरण याहून बरीच मोठी होती. विद्यार्थिनींच्या बाबतीत असा परिणाम आढळला नाही. क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ही बाब परीक्षार्थींच्या परिचयाची आहे. हा अभ्यास फारसा परिचयाचा नाही.

भारतीय वसतिगृहांना अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण पूर्वांचलातील वा बिहारमधील खेड्यातून आलेला, तीन जणांच्या खोलीत राहणारा आणि जून महिन्यातील परीक्षेवर साऱ्या कुटुंबाची आशा असलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणला, तर पाव गुणाची किंमत तिथे अधिकच भरते. खोली बदलून मागण्याचा अधिकार, आणि तोही कोणाची तक्रार न करता, हा व्यसनविषयक नियमावलीतील सर्वांत स्वस्त उपाय आहे. बहुतेक वसतिगृहांचे रेक्टर तो देण्यास नाखूश असतात, कारण नोंदवहीत खाडाखोड होते.

शिक्षा जबर, पण मिळणार कोणाला?

आता शिक्षेच्या परिणामकारकतेकडे वळू. गॅरी बेकर यांचा गुन्हा व शिक्षा यांविषयीचा निबंध १९६८ चा. त्याची कल्पना कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घेण्यास उशीर होत असताना सुचली. गाडी दूरच्या वाहनतळावर ठेवावी की दंडाचा धोका पत्करून रस्त्यावरच उभी करावी, याचा हिशेब त्यांनी मनात केला आणि ती रस्त्यावर उभी केली. नियम मोडणारा शिक्षेची तीव्रता आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार करतो, असा त्या निबंधाचा गाभा आहे.

कागदोपत्री पाहता शिक्षा दुप्पट करणे आणि पकडण्याची शक्यता दुप्पट करणे यांचा परिणाम सारखाच दिसतो. शिक्षा वाढविण्यास खर्च येत नाही, म्हणून प्रशासनास तोच मार्ग आवडतो. प्रत्यक्षात दोन घटक एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. समजा, वसतिगृहात एका सत्रात नियमभंगाच्या शंभर घटना घडल्या आणि शिक्षा काढून टाकण्याची आहे. आपल्या एका सहीने मुलाचे वर्ष, शिष्यवृत्ती आणि कदाचित नोकरी जाणार, हे ठाऊक असलेला रेक्टर बाटली पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. सोबती तक्रार करीत नाही. शंभरांपैकी दोन प्रकरणे वर जातात आणि ती बहुधा अशा मुलांची असतात ज्यांच्यामागे कोणी वजनदार पालक नाही. शिक्षेची जबरी वाढली की तिची खात्री घटते आणि गुणाकार जिथल्या तिथे राहतो. वर अन्यायाची भावना पदरी पडते ती वेगळीच.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पाणी, चराई, मासेमारी अशा सामायिक साधनांचे दीर्घकाळ यशस्वी व्यवस्थापन करणाऱ्या समूहांचा अभ्यास केला. त्यात त्यांना चढत्या क्रमाच्या शिक्षा हा समान धागा आढळला : पहिल्या भंगास किरकोळ दंड, पुढे वाढत जाणारी कारवाई, आणि देखरेख करणारे त्याच समूहातील. वसतिगृहाची शांतता हेही एक सामायिक साधनच आहे. पहिल्याच रात्री मिळणारी लेखी ताकीद आणि आठवडाभराचे सामुदायिक काम, ही शिक्षा क्षुल्लक भासते. पण ती देताना रेक्टरचा हात थरथरत नाही, त्यामुळे ती खरोखर दिली जाते.

कठोरतेचा सर्वांत घातक परिणाम आणीबाणीच्या प्रसंगी दिसतो. अतिमद्यपानाने बेशुद्ध पडलेल्या मित्राला रुग्णालयात न्यावे तर सर्वांची नावे प्रॉक्टरकडे जातात, म्हणून त्याला कूस बदलून झोपवून ठेवले जाते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये यावर एक नियम केला : मदत मागणारा आणि जिच्यासाठी मदत मागितली ती व्यक्ती, दोघांवरही मद्यसेवनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही; त्याऐवजी समुपदेशन होईल. त्यानंतर मदतीसाठी येणारे दूरध्वनी वाढले आणि समुपदेशनापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. आपल्या विद्यापीठांच्या नियमावलीत अशा एका कलमाची भर घालण्यास संसदेची मंजुरी लागत नाही.

जेथे मृदुता चालणार नाही

याचा अर्थ सर्वत्र सौम्यता असावी असा नाही. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. मारहाण करणारे वरिष्ठ विद्यार्थी मद्यधुंद होते. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम आले. विद्यार्थी व पालक यांची प्रतिज्ञापत्रे, संस्थाप्रमुखावर चोवीस तासांत पोलिसांत गुन्हा नोंदविण्याची जबाबदारी, आणि वर्गातून निलंबनापासून प्रवेश रद्द करण्यापर्यंतच्या शिक्षा, अशी त्यांची रचना आहे. यातील सर्वांत उपयुक्त तरतूद चोवीस तासांची होय. 'प्रकरण आपसांत मिटवू' म्हणणाऱ्या प्रमुखास तिने स्वतःच जबाबदार ठरविले. अपराधी ओळखता न आल्यास सामूहिक शिक्षेची तरतूदही त्यात आहे. तिच्यामुळे माहिती बाहेर येण्यास मदत होत असली तरी निरपराधांना वेठीस धरणारे हे हत्यार अपवादानेच वापरावे लागेल.

सेवन, इतरांना उपद्रव आणि विक्री हे तीन स्वतंत्र विषय आहेत. पहिल्यात आरोग्याचा प्रश्न प्रधान आहे, दुसऱ्यात शिस्तीचा, तिसऱ्यात फौजदारी कायद्याचा. वसतिगृहात पुड्या विकणाऱ्याचे प्रकरण प्रॉक्टरने हाताळणे हे त्याला संरक्षण देण्यासारखेच आहे; ते पोलिसांकडे गेले पाहिजे.

उपद्रवाच्या प्रकरणांत नैसर्गिक न्यायाचा मुद्दा येतो. परीक्षेतील गैरप्रकाराबद्दलही विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम दास गुप्ता प्रकरणात १९६२ मध्ये ठरविले. हा उत्तर प्रदेशच्याच परीक्षा मंडळाचा खटला होता. मात्र त्यानंतर १९७३ मध्ये हिरानाथ मिश्र प्रकरणात न्यायालयाने या तत्त्वाची लवचिकताही दाखविली. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी रात्री विद्यार्थिनींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले व विवस्त्र होऊन फिरले. विद्यार्थिनींचे जबाब आरोपींच्या अनुपस्थितीत घेतले गेले, छायाचित्रांवरून ओळख पटविली गेली, आरोपींना आरोप सांगून त्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि दोन सत्रांसाठी त्यांना काढून टाकण्यात आले. उलटतपासणी मिळाली नाही, ही त्यांची तक्रार न्यायालयाने मान्य केली नाही. साक्ष देणाऱ्या मुलींना त्याच मुलांच्या समोर उभे करणे म्हणजे कोणीच साक्ष न देणे, हे व्यवहारज्ञान त्या निर्णयामागे होते. निःपक्षपाती चौकशी आणि फौजदारी खटला यांतील फरक शिस्त समित्यांनी या निर्णयावरून समजून घ्यावा.

उपचाराचा दरवाजा

महाराष्ट्राला या बाबतीत एक वेगळा अनुभव आहे. १९८० च्या दशकात 'गर्द' म्हणजे ब्राऊन शुगर पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयीन तरुणांत पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी तिच्याविषयी लिहिले आणि पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. रुग्णाला गुन्हेगार न समजण्याची भूमिका तेथे आरंभापासून राहिली. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा मार्ग निराळा आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत खादी आणि निर्व्यसनीपणा ही आचारसंहिता प्रवेशापूर्वीच सांगितली जाते. ज्याला ती मान्य नाही तो तिथे जात नाही. त्यामुळे नियम पाळवून घेण्याचा खर्च कमी होतो. हजारो विद्यार्थ्यांच्या केंद्रीय विद्यापीठात अशी आत्मनिवड शक्य नाही, हे उघड आहे.

जुलै २०२५ मध्ये वाराणसीतच केंद्रीय युवक कल्याण मंत्रालयाच्या युवा आध्यात्मिक शिखर परिषदेत नशामुक्त युवकांविषयीचा 'काशी जाहीरनामा' स्वीकारण्यात आला. त्यापूर्वी, १५ ऑगस्ट २०२० पासून, नशामुक्त भारत अभियान प्रथम २७२ जिल्ह्यांत सुरू झाले. जनजागृतीचे काम अशा उपक्रमांतून होते. तुटवडा आहे तो उपचारांचा. २०१९ च्या सर्वेक्षणानुसार मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ व्यक्तींमागे केवळ एकीला कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाला होता.

अंमली पदार्थांचा कायदा एरवी अत्यंत कडक आहे. त्यातही कलम ६४-क अन्वये अल्प प्रमाणातील गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केल्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. बहुतेक विद्यापीठांच्या नियमावलीत एवढीही सवलत नाही, म्हणजे देशातील एका कठोर कायद्याहून वसतिगृहाचा नियम कठोर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मद्य व अंमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत समाविष्ट केली आहे आणि उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे. समुपदेशकाची नोंदवही त्यामुळे रेक्टरला वा प्रॉक्टरला मागता येत नाही. समुपदेशन कक्ष प्रॉक्टर कार्यालयाच्या इमारतीत, त्याच व्हरांड्यात, त्याच शिपायासमोरून जावे लागेल असा असला, तर हा हक्क कागदावर राहतो. त्याची जागा विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आहे, जिथे सर्दीचा आणि दारूचा रुग्ण एकाच रांगेत बसतात आणि कोण कशासाठी आले ते कोणी विचारत नाही.